नवऱ्याच्या मामाला गुपचूप लग्नाला बोलवू का?

पत्र नाशिकच्या एका मुलीचं आहे, सध्या म्युनिकला नोकरी करते. नाव देत नाहीये. पत्र बरंच लांब आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

तिचं लग्न ठरलंय एका क्रोएशियन मुलाशी. तो ओसियेकचा. त्याचे वडील क्रोएट, १९९१ च्या युद्धात लढलेले. आई सर्ब, ओसियेकला लागूनच असलेल्या एका गावातली. आईचा सख्खा भाऊ आता सर्बियात नोव्ही सादला असतो, म्हणजे गाडीनं दोन-अडीच तासांवर, आणि या दोन घरांत १९९१ पासून बोलणं नाही. ती लिहिते, "ताई, अल्बममध्ये एक जुना फोटो आहे. सासरे आणि मामा ड्रावा नदीच्या काठावर, दोघांनी मिळून एक भलामोठा मासा धरलाय आणि दोघं खळखळून हसतायत. मी विचारलं हे कोण, तर सासूबाई उठून भांडी घासायला गेल्या आणि सासरे म्हणाले, त्याच्याबद्दल या घरात बोलायचं नाही." मग हिनं इन्स्टाग्रामवर मामाची मुलगी शोधून काढली, दोघींचं चॅट सुरू झालं, ती म्हणाली बाबा नक्की येतील. आता हिचा प्लॅन असा की नाशिकच्या लग्नात मामाला सरप्राइज म्हणून आणायचं आणि मंगलाष्टकांच्या वेळी मुलाच्या मागे उभं करायचं. नवरा म्हणतो तुला योग्य वाटेल ते कर. गुरुजींनी तीन तारखा काढून दिल्यात, त्यातली हिला १८ नोव्हेंबर आवडलीय. आणि शेवटी विचारते, "इतकी वर्षं झाली, शेवटी ही भाऊबंदकीच ना, कोणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं, ते मी टाकलं तर काय चुकलं?"

अगं, आधी सरळ उत्तर देते. सरप्राइज करू नकोस. त्या मामेबहिणीला आजच मेसेज टाक की घरात अजून कोणाशी बोलणं झालेलं नाहीये, बाबांना तिकीट-व्हिसाचं काही सांगू नकोस. तिच्याशी बोलणं तोडायचं कारण नाही, तुमच्या पिढीनं एकमेकींशी बोलावंच. पण सासरे नाशिकला येणार, कार्यालयात दोनतीनशे अनोळखी माणसं, भाषा कळत नाही, उठून जायचं तर कुठे जाणार, आणि अशा वेळी तो माणूस एकदम समोर उभा केलास तर ती गंमत राहत नाही, कोंडीत पकडणं होतं ते. ते कदाचित लग्नाचा मान ठेवून हातसुद्धा मिळवतील. पण तू त्यांना असं अडकवलंस हे ते विसरणार नाहीत. आणि सासूबाई? तीस वर्षांहून जास्त काळ त्या बाईनं दोन्हीकडचं गिळून हा संसार टिकवलाय, आणि त्यांच्याच भावाबद्दल त्यांनाच विचारायचं नाही?

आता भाऊबंदकीचं. तू तो शब्द सहज लिहिलायस पण मला तिथेच काळजी वाटली, कारण तू सासऱ्यांसमोर पण हेच बोलशील. भाऊबंदकीत बांध कोरलेला असतो, वाटणी चुकलेली असते, मानपान राहिलेला असतो, भांडण दोन घरांचंच असतं आणि चार वडीलधारी बसली की कधीतरी मिटतंही. तुझ्या सासरच्या या दोन घरांनी एकमेकांचं काहीसुद्धा घेतलेलं नव्हतं. त्यांच्या मधे सरकारं आली, फौज आली, टीव्ही आला. त्यामुळे बसून बोलून मिटवण्यासारखं त्यांच्यात काही नाहीच, आणि म्हणून ते मिटत पण नाहीये.

तुला हे कितपत माहितीय ठाऊक नाही म्हणून थोडं मागचं सांगते. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियात उस्ताशा नावाची राजवट होती, हिटलरच्या आशीर्वादानं चाललेली, त्यांनी सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल केली, एका यासेनोवात्सच्या छावणीत मारलेल्यांची नावानिशी यादीच ८०,००० च्या वर जाते. तिकडे चेटनिकांनी, म्हणजे सर्ब राष्ट्रवादी टोळ्यांनीही क्रोएट आणि मुसलमान गावं उद्ध्वस्त केली. मग टिटोचा युगोस्लाव्हिया आला, क्रोएट-सर्ब सगळे एकाच देशात, "बंधुता आणि एकता" ही घोषणा, आणि या सगळ्यावर झाकण. घरात आजी-आजोबांना सगळं माहीत, बाहेर बोलायचं नाही. त्या काळात मिश्र लग्नं पण भरपूर झाली, विशेषतः ओसियेक-वुकोवार भागात, आणि तुझ्या सासू-सासऱ्यांचं लग्न त्यातलंच. टिटो १९८० ला गेला. बेलग्रेडमध्ये, म्हणजे सर्बियाच्या राजधानीत, स्लोबोदान मिलोशेविच वर आला आणि तिकडच्या टीव्हीनं सर्बांना दिवसरात्र सांगायला सुरुवात केली की क्रोएशियात उस्ताशा परत येतायत. १९९० ला क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये, फ्रान्यो तुजमान निवडून आला आणि त्याच्या सरकारनं ही भीती कमी करायची सोडून वाढवलीच, सर्बांना पोलीस खात्यातून, नोकऱ्यांतून बाजूला सारणं सुरू झालं, डिसेंबरच्या नव्या राज्यघटनेत त्यांचा दर्जा खाली आला. तेव्हा क्रोएशियात सर्ब साधारण १२ टक्के होते, म्हणजे काही मूठभर नव्हेत. त्याआधीच ऑगस्टमध्ये क्नीनच्या भागात सर्बांनी झाडांचे ओंडके टाकून रस्ते अडवलेले. २ मे १९९१ ला बोरोवो सेलो या गावात १२ क्रोएट पोलीस मारले गेले, हे वुकोवारच्या शेजारचं गाव, ओसियेकहून काही फार लांब नाही. चुका दोन्ही राजधान्यांत झाल्या हे खरंय, पण म्हणून सगळे सारखेच असं मी म्हणणार नाही, कारण १९९१ मध्ये रणगाडे, विमानं आणि जड तोफा एकाच बाजूला होत्या, युगोस्लाव्ह फौज बंडखोर सर्बांच्या बाजूनं उतरली होती आणि शहरांवर गोळे पडत होते ते तिच्याच तोफांचे.

ओसियेकला गेलीस तेव्हा एका चौकात रणगाड्यावर चढलेली छोटीशी लाल मोटार बघितली असशील. नसशील तर पुढच्या वेळी बघ. २७ जून १९९१, क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर करून दोन दिवस झाले होते, फौजेचे रणगाडे शहरातून चाललेले आणि एका माणसानं आपली लाल फिचो, म्हणजे तिथली सगळ्यात साधी मध्यमवर्गीय गाडी, रस्त्यात आडवी लावून ठेवली. रणगाडा तिच्यावरून गेला, पत्र्याचा चुराडा. ते टीव्हीवर दिसलं. नंतर त्याचं स्मारक केलं ते उलटं, गाडी रणगाड्यावर चढतेय असं. तुझे सासरे तेव्हा ऐन तिशीत असतील, त्यांच्या डोक्यात युद्ध म्हटलं की हा चौक येत असणार. त्यांच्यासमोर चुकूनही सिव्हिल वॉर म्हणू नकोस, त्यांच्या दृष्टीनं तो बाहेरून झालेला हल्ला होता आणि आपण देश वाचवला.

आणि त्याच गावात त्याच आठवड्यात काय झालं बघ. योसिप राइल-किर म्हणून ओसियेकचा पोलीसप्रमुख होता. त्यानं महिनोन्‌महिने एकच काम केलं, क्रोएट गावात जायचं, सर्ब गावात जायचं, नाकाबंदीवर उभ्या पोरांशी बोलायचं, बंदुका खाली ठेवायला लावायच्या, एक अडथळा हटला की पुढच्या गावात जायचं. १ जुलै १९९१ ला टेन्या गावाच्या वाटेवर त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. बरोबरचे आणखी दोघं पण गेले. मारणारा सर्ब नव्हता, क्रोएट राखीव पोलीस होता, म्हणजे त्याच्याच खात्यातला. बोलणी करणारा माणूस आपल्याच माणसांना नकोसा झाला होता. त्या वेळी ओसियेकमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला कळलं की मधे उभं राहिलं तर काय होतं. तुला जे साधं पहिलं पाऊल वाटतंय ते टाकणाऱ्याचं काय झालं हे तुझ्या सासऱ्यांच्या पिढीनं डोळ्यांनी बघितलंय, म्हणून त्यांच्या गप्प बसण्याला नुसता हट्टीपणा समजू नकोस.

पण मला सगळ्यात जास्त विचार तुझ्या सासूबाईंचा येतोय. त्यांचं माहेर सायकलनं जाण्याच्या अंतरावर, आणि १९९१ च्या उन्हाळ्यात ते गाव एकदम पलीकडचं झालं. नवरा इकडून लढायला गेला. शहरावर महिनोन्‌महिने गोळे पडतायत, ही बाई तळघरात बसलेली, आणि गोळे येतायत त्या दिशेला तिचं माहेर आहे. तिथे भाऊ आहे. तो काय करतोय माहीत नाही. पलीकडच्या गावांत पुरुषांना विचारत नव्हते, हातात बंदूक देऊन पहाऱ्याला उभं करत होते. दोन्ही देशांमधले थेट फोन तुटले होते, झाग्रेब-बेलग्रेड हायवे बंद, एक निरोप द्यायचा तर हंगेरीत नाहीतर जर्मनीत कोणीतरी ओळखीचं गाठायचं. आणि तळघरात तिच्या शेजारी बसलेल्या बायकांना तिचं माहेरचं आडनाव माहितीय. ओसियेकमध्ये त्याच महिन्यांत सर्ब माणसांना घरातून उचलून नेलं, मारलं, आणि तोंडाला-हातांना चिकटपट्टी लावलेले मृतदेह ड्रावा नदीत टाकले, त्याचे खटले पुढे कित्येक वर्षं चालले. म्हणजे नवऱ्याच्या बाजूचेच लोक तिच्या बाजूच्या लोकांना मारतायत आणि भावाच्या बाजूचे लोक तिच्या घरावर गोळे टाकतायत. हे सगळं पोटात ठेवून ती बाई आज तुला जेवायला वाढते. ती भांडी घासायला उठून गेली ना, तेच तिचं उत्तर होतं त्या दिवशीचं.

आता तू म्हणशील ताई, दोस्ती होती ना पण त्यांची, फोटो आहे ना. हो, आणि म्हणूनच जास्त अवघड. अनोळखी माणसावरचा राग उतरतो गं, मित्रावरचा बसून राहतो. द्राझेन पेट्रोविच आणि व्लादे दिवाच यांची गोष्ट तुझ्या नवऱ्याला नक्की माहीत असणार, त्याला विचार. एक क्रोएट, एक सर्ब, युगोस्लाव्हियाच्या बास्केटबॉल टीमचे दोन स्टार, एका खोलीत राहणारे, १९८९ ला दोघंही अमेरिकेत एनबीएत खेळायला गेले आणि सुरुवातीला तिथे एकमेकांचाच आधार. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकल्यावर एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात आला आणि दिवाचनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. तो म्हणायचा की ही सगळ्यांची टीम आहे, कुठलाच वेगळा झेंडा नको, एवढंच माझ्या मनात होतं. पण क्रोएशियात ते वेगळंच पोचलं, युद्ध सुरू झालं, पेट्रोविचनं हळूहळू बोलणं बंद केलं. ७ जून १९९३ ला पेट्रोविच गाडीच्या अपघातात गेला, तू राहतेस तिथून उत्तरेला, इंगोलश्टाटच्या जवळ, ऑटोबानवर. २८ वर्षांचा होता. दिवाच बऱ्याच वर्षांनी झाग्रेबला जाऊन त्याच्या आईला भेटला, पण मित्राशी बोलायचं ते राहूनच गेलं. मला हे आठवलं की अजून वाईट वाटतं, आणि म्हणूनच मी तुला विषय सोडून दे असं सांगत नाहीये. दोन्ही माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत, वेळ फार नाहीये. फक्त दार कुठलं वाजवायचं ते नीट ठरव.

ते दार सासूबाईंचं आहे. भाऊ त्यांचा आहे. तू पत्रात सहज एका ओळीत लिहिलंयस की डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या आधी एका दिवशी त्या एक गोल नक्षीचा ब्रेड भाजतात, स्वयंपाकघरात मोठी मेणबत्ती लावतात आणि त्याबद्दल काही सांगत नाहीत. अगं ती बहुतेक स्लावा असणार! सर्ब ऑर्थोडॉक्स घराण्यांचा एक संत ठरलेला असतो, त्याचा दिवस वर्षातून एकदा घरात करतात, ब्रेड, शिजवलेला गहू, वाइन, मेणबत्ती. १९ डिसेंबर असेल तर संत निकोलस, सगळ्यात जास्त घरांत तोच असतो. आणि ही परंपरा बापाकडून मुलाकडे जाते, मुलगी लग्न झाली की सहसा नवऱ्याच्या घरचं करते. म्हणजे तुझ्या सासूबाई माहेरची स्लावा करतायत, कॅथलिक नवऱ्याच्या घरात, स्वयंपाकघरापुरती, आणि सासरे ते बघून न बघितल्यासारखं करतायत. याचा अर्थ समजतोय का तुला? त्याच दिवशी नोव्ही सादला भाऊ पण तोच ब्रेड कापत असणार. त्या घरात नातं संपलेलं नाहीये, बोलायचं बंद आहे इतकंच, आणि सासऱ्यांनी पण इतकी वर्षं ती मेणबत्ती लावू दिलीय, माझ्या मते हे लहान नाहीये.

तर डिसेंबरमध्ये तिकडे जा. त्या दिवशी त्यांच्याबरोबर पीठ मळायला उभी राहा. गहू शिजवू लागलीस की त्या आपणहून काहीतरी बोलतील नाहीतर नाही बोलणार, दोन्ही चालेल. बोलायचं झालं तर एवढंच विचार की, आई, आमच्याकडे लग्नात मुलाच्या मागे मामा उभा राहतो, तुम्हाला काय वाटतं, काय करू या? बस. पुढे गप्प बस. "तेव्हा नक्की काय झालं", "चूक कोणाची होती", "तुम्ही फोन का नाही केला" यातलं काहीही विचारू नकोस. मराठी माणसाला गप्प बसणं जरा जड जातं, आपल्याला लगेच समजूत काढायची असते, पण इथे काढू नकोस. त्या नाही म्हणाल्या तर नाही. विषय तिथेच संपला आणि त्याबद्दल नवऱ्याकडे कुरकुर पण नको. हो म्हणाल्या तर सासऱ्यांशी त्या स्वतः बोलतील, कधी बोलायचं, कसं बोलायचं हे तुझ्यापेक्षा त्यांना माहीत आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी, तुला आवडणार नाही तरी. मामानं त्या काळात काय केलं हे तुला माहीत नाहीये. बहुतेक काहीच नसेल, गावात अडकला, पहाऱ्याला उभा राहिला, गाव शांततेनं क्रोएशियाकडे परत आलं तेव्हा, म्हणजे १९९८ च्या आसपास, भीतीनं निघून गेला. हजारो लोकांचं असंच झालंय. पण समजा सासऱ्यांना काहीतरी वेगळं माहीत असलं तर? वुकोवार ८७ दिवस वेढ्यात होतं, पडल्यावर हॉस्पिटलमधल्या जखमी माणसांना आणि बाकीच्यांना बाहेर काढून जवळच्या ओव्चाराला नेऊन मारलं, दोनशेहून जास्त. मारणाऱ्यांत त्याच भागातले लोक होते, ओळखीचे. क्रोएशियात आजही १,८०० च्या आसपास माणसं बेपत्ता आहेत आणि पुष्कळ घरांना खात्री आहे की शेजारच्या गावात कोणालातरी जागा माहितीय आणि तो सांगत नाहीये. मामाबद्दल मी असं काही म्हणत नाहीये, पण तुला माहीत नाही म्हणून "सोडून द्या ना आता" हे म्हणायचा हक्क तुला नाही. आणि जर खरंच काही निघालं तर लग्नाचं आमंत्रण हा त्याचा उपाय नव्हे, मग तो माणूस लग्नात नको, साधं आहे.

तसंच उलटही. मामाकडे पण त्याचं काही असेल, राग म्हण, दुःख म्हण. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियन फौजेनं ऑपरेशन स्टॉर्म केलं आणि काही दिवसांत दीड-दोन लाख सर्ब ट्रॅक्टरवर सामान टाकून निघून गेले, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी मारले गेले, घरं जाळली. १२ टक्के होते ते २०२१ च्या जनगणनेत साधारण ३ टक्के उरले. सासऱ्यांसाठी ५ ऑगस्ट हा विजयाचा दिवस आहे, तिकडे सर्बियात तो शोकाचा. एकाच दिवसाबद्दल दोघांचं कधीच जमणार नाही आणि ते जमवायचा प्रयत्नच करायचा नाही.

मग जमतं काय? हजर राहणं जमतं. २०२० चं उदाहरण देते. बोरिस मिलोशेविच नावाचे क्रोएशियाचे सर्ब उपपंतप्रधान ५ ऑगस्टला क्नीनच्या त्या विजयाच्या कार्यक्रमाला गेले. त्यांची स्वतःची आजी स्टॉर्मनंतर क्रोएशियन सैनिकांच्या हातून मारली गेली होती. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या असतील बिचाऱ्यांनी, तरी गेले. आणि त्याच महिन्याच्या शेवटी माजी सैनिकांचे मंत्री तोमो मेदवेद, जे स्वतः त्या युद्धात लढले होते, ते ग्रुबोरीला गेले, जिथे स्टॉर्मनंतर म्हाताऱ्या सर्ब गावकऱ्यांना मारलं होतं. कोणी आपलं मत बदललं नाही, समोरच्याच्या दुःखाच्या जागी जाऊन उभे राहिले इतकंच. तुझ्या लग्नात पण जास्तीत जास्त एवढंच मागता येईल, एका मांडवात दोघं उभे. गळाभेट, रडारड, फोटोग्राफरला सांगून ठेवलेला तो क्षण, हे सगळं डोक्यातून काढून टाक.

आणि हो, सगळेच आपापल्या बाजूला चिकटून बसले होते असंही समजू नकोस. वुकोवार पडल्यावर पकडलेल्यांना सर्बियातल्या स्तायिचेवो इथल्या एका शेतफार्मवर डांबलेलं, तिथे अलेक्सांदर येवतिच या सर्ब माणसाला सांगितलं की यातले सर्ब कोण ते दाखव, त्यांना वेगळं काढायचंय. त्यानं क्रोएट माणसांना खोटी सर्ब नावं देऊन हाका मारल्या आणि शंभराहून जास्त माणसं मारझोडीतून बाहेर काढली. हे जेव्हा मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं याचे पुतळे असतील चौकाचौकात. नाहीत. असं वागणारे लोक तिथे अजूनही दोन्हीकडे थोडे अडचणीचेच वाटतात. सासरे कधी मूडमध्ये असले आणि स्वतःहून युद्धाचं बोलले, तर कदाचित अशी एखादी गोष्ट त्यांच्याकडेही असेल, ऐकून घे, प्रश्न नको.

तारखेचं तर अगदी नक्की सांगते, १८ नोव्हेंबर नाही म्हणजे नाही. त्याच दिवशी १९९१ मध्ये वुकोवार पडलं. क्रोएशियात तो दिवस राष्ट्रीय स्मृतिदिन आहे, हजारो लोक वुकोवारच्या हॉस्पिटलपासून स्मशानापर्यंत चालत जातात, आणि प्रत्येक शहरात वुकोवारचं नाव दिलेल्या रस्त्यावर दोन्ही कडेला मेणबत्त्या लावलेल्या असतात. सासऱ्यांचे सोबती गेलेत त्यात, ते दरवर्षी जात असणार. त्या दिवशी त्यांच्या मुलाचं लग्न वाजतगाजत लावायचं? ते तोंडानं काही म्हणणार पण नाहीत, पाहुण्यांच्या घरचा मुहूर्त म्हणून मान डोलावतील. गुरुजींकडून पुढची तारीख घे, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तांना काय तोटा आहे.

आता थोडं तुझ्या नवऱ्याबद्दल, कारण मला त्याचा जरा रागच आलाय. "तुला योग्य वाटेल ते कर" हे काय उत्तर झालं? आई त्याची, मामा त्याचा, वडील त्याचे. तो युद्धानंतर शाळेत गेलेला मुलगा आहे, घरात हा विषय आला की खोलीत निघून जायचं हे तो लहानपणापासून शिकलाय, मला कळतं. पण म्हणून बाहेरून आलेल्या मुलीच्या खांद्यावर हे टाकायचं नाही. हे वाक्य त्याला दाखव पाहिजे तर. पीठ मळायला तू एकटी नाही, तो पण उभा राहू दे. सासऱ्यांना सांगायची वेळ आली तर सासूबाईंच्या बरोबर तो असू दे, तू नको. तू त्या वेळी बाहेर फिरायला जा.

नाशिकच्या मंडळींना पण आधीच सांगून ठेव. आपल्याकडे काका-आत्या उत्साहानं सासऱ्यांच्या शेजारी बसून विचारणार, मग तुमच्याकडे युद्ध झालं होतं म्हणे, तुम्ही किती मारले? प्रेमानंच विचारतील, पण नको. फुटबॉल चालेल, सगळ्यांना लुका मॉद्रिच माहीत असतोच, फक्त मामा खरंच आले तर त्यांच्या समोर तोही जरा जपून, मॉद्रिचच्या आजोबांना १९९१ मध्ये सर्ब बंडखोरांनी मारलं होतं आणि तिथे ते सगळ्यांना ठाऊक आहे. द्राक्षांच्या बागा दाखवा, वाइन पाजा, ओसियेकच्या माणसाला द्राक्षमळ्यात बरंच बोलता येतं. जेवणाच्या पंगतीत दोघांना शेजारी-शेजारी बसवायचं नाही, समोरासमोर तर अजिबात नाही, आणि राहायची सोय वेगवेगळ्या हॉटेलांत.

मुलाच्या मागे मामा म्हणून कोण उभं राहणार हे गुरुजी विचारतीलच, करवलीच्या नावाबरोबर लिहून घेतात. तर इतक्यात कोणाचं नाव देऊ नकोस, म्हण की मुलाची आई सांगेल.